ओतकामाच्या वहीतील एक दुरुस्ती

श्री. यशवंत भिकाजी वेळणेकर यांच्याकडे मी नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रे पाहिली नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, हातात एक जुनी तांब्याची कळशी दिली आणि सांगितले, "ही गळते. कुठे गळते ते शोधा." ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, इस्त्रीची साडी नेसून, सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, औद्योगिक वसाहतीपर्यंत उन्हातून चालत आलेली मी, आणि माझी परीक्षा कळशीवर! मनातून मी चांगलीच चिडले. नळाखाली कळशी भरली, बाहेरून पुसली आणि बुडाशी जिथे थेंब जमला तिथे बोट ठेवून दाखवले.

"बरोबर," साहेब म्हणाले. "पाणी गळलं की दिसतं. आपण इथं जे अडवणार आहोत ते दिसत नाही, त्याला वास नाही, ते ओलं करत नाही. मग भांडं गळत नाही, हे कशावरून सांगाल?"

मला काय ठाऊक? मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, की मग कुठे कुठे पाहिले आणि काय आढळले ते सगळे वहीत लिहून ठेवावे लागेल, म्हणजे निदान कुठे पाहायचे राहिले ते तरी कळेल. साहेब म्हणाले, उद्यापासून या. पुढे वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, मला सांगितले की त्या संध्याकाळी घरी जाऊन ते म्हणाले होते, वही लिहिणारी मिळाली. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

साहेबांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहावे असे समितीने कळवले, तेव्हा सोबत एक टिपणही आले. आधी कार्य, मग मूल्ये, मग जिव्हाळा, असा क्रम त्यात घालून दिला होता. मी शिस्तीची बाई आहे, क्रम होईल तितका पाळीन. पण साहेबांच्या बाबतीत हे तीन कप्पे वेगळे काढता येत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

साहेब मूळचे वेळणेश्वरचे. त्यांचे वडील होड्या बांधीत. फळीला फळी जोडून मधल्या सांध्यात कापूस आणि राळ ठोकून भरण्याचे काम साहेबांनी लहानपणी स्वतःच्या हाताने केलेले. त्यांच्या घरची एक रीत होती. नवी होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली की तिच्यात मालक आधी बसत नसे, होडी हाकणारा तांडेलही बसत नसे. ज्याने बांधली तो बसायचा, आणि सांध्यावर हात ठेवून बसायचा. पाणी आत आलेच तर आधी त्याच्या हाताला लागावे. साहेब शिकले, इंजिनियर झाले, मुंबईत अणुऊर्जेच्या सरकारी कामात वीसेक वर्षे राहिले, पण ही रीत त्यांच्या अंगातून गेली नाही. ऐंशी सालच्या सुमारास ती नोकरी सोडून ते रत्नागिरीला परतले आणि सड्यावर हा छोटा कारखाना काढला, तेव्हा पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले होते.

कारखान्यात काय होते, हे आजही शहरात अनेकांना नीट माहीत नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी पूर्वी रेडियमच्या सुया वापरीत. नवी यंत्रे आली, सुया निकामी ठरल्या, पण त्यांचे किरण काही थांबत नाहीत. हजारो वर्षे थांबणार नाहीत. अशा सुया गावोगावच्या जुन्या दवाखान्यांत कपाटांतून पडून होत्या. त्या तिथून सुरक्षित उचलून मुंबईला, कायमच्या विल्हेवाटीच्या जागी न्यायच्या, तर त्यासाठी पात्र हवे. कागदोपत्री त्याला संरक्षक पात्र म्हणत. आम्ही सगळे डबा म्हणत असू. पोलादाची दोन नळकांडी, एकात एक बसवलेली, आणि मधल्या जागेत शिसे ओतलेले. सांगायला सोपे आहे.

साहेबांचे वैशिष्ट्य असे की ते किरणांइतकाच माणसांचा विचार करीत. पहिल्या आराखड्यात मी डब्याचे बूड सपाट काढले, तर त्यांनी ते खोडून गोलसर करायला लावले. डबा त्याच्या स्वतःच्या लोखंडी घोडीवरच उभा राहील, एरवी लवंडेल, असा. मी कुरकुर केली, की हे काढायला किचकट, घडवायला त्याहून किचकट. तेव्हा ते म्हणाले की आपल्या लोकांना चांगले भांडे टाकवत नाही. आपण नसू तेव्हा हा डबा कधी कुणा भंगारवाल्याच्या हाती लागला, तर त्याला याचा पाण्याचा हंडा करता येणार नाही, चूल करता येणार नाही, जनावराला आंबोण ठेवता येणार नाही, इतका तो निरुपयोगी दिसला पाहिजे. झाकणाचे नटही त्यांनी असे केले की बाजारातला पाना त्यांना लागू नये. दुसऱ्याला नकोसे वाटावे म्हणून इतका जीव ओतून केलेली वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती.

डबा उंचावरून टाकून पाहण्याची चाचणी असते. त्यासाठी खाली अजिबात न दबणारी जमीन लागते. साहेबांनी सड्यावरचा कातळच निवडला, त्यावर काँक्रीट आणि पोलादी पत्रा बसवला आणि भाड्याची क्रेन आणून तीन मजले उंचीवरून डबा खाली सोडला. अख्खे गाव पाहायला लोटले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, एवढा चांगला डबा फोडून टाकायला तुमचे काय घोडे मारले त्याने? मुंबईहून आलेली मंडळी हसली. साहेब हसले नाहीत. ते त्या गृहस्थांजवळ बसले आणि नारळाचा दाखला देऊन त्यांना समजावू लागले. नारळ झाडावरून पडतो, मार बाहेरचे सोडण खाते, आतल्या पाण्याला काही होत नाही. आमच्या डब्याला बाहेरून लाकडी आवरण आहे ते त्याचे सोडण. म्हातारबुवांना पटले. क्रेनचे भाडे तासावर चढत होते, तरी साहेबांनी घाई केली नाही.

आता ज्या दवाखान्यासाठी आमचा पहिला मोठा डबा होता, त्याबद्दल. खेडच्या बाजूला एक जुना धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या एका खोलीत भिंतीतल्या कपाटात, जुन्या शिशाच्या पेटीत, सुया ठेवलेल्या. साहेब माप घ्यायला गेले तेव्हा मी सोबत होते. किरण मोजायचे यंत्र घेऊन ते आधी कपाटापाशी गेलेच नाहीत. भिंतीच्या पलीकडे काय आहे, असे त्यांनी मेट्रनबाईंना विचारले. पलीकडे परिचारिकांची बसायची जागा होती, भिंतीला टेकून एक बाक. साहेबांनी यंत्र त्या बाकावर ठेवले. काटा हलला. फार नव्हे, पण हलला. त्यांनी कुणाला घाबरवले नाही, कुणाला दोषही दिला नाही. कोट काढला, एका बाजूने मला धरायला लावले आणि तो बाक आम्ही दोघांनी उचलून समोरच्या भिंतीला नेऊन ठेवला. "इथं उजेड बरा आहे, विणायला," एवढेच ते मेट्रनबाईंना म्हणाले. बाहेर आल्यावर मात्र मला सांगितले की डबा शिमग्यानंतर पंधरा दिवसांत इथे पोचला पाहिजे.

इथपर्यंतचे लिहिताना मला काही जड गेले नाही. आता जे लिहिते आहे ते लिहू नये, असे खुद्द साहेबांनी मला सांगितले होते. मी त्यांचे ऐकणार नाही. त्यांच्या हाताखाली नोकरीला लागल्यापासून त्यांचे न ऐकण्याची ही दुसरी वेळ.

शिसे ओतण्याचे काम एका दमात व्हावे लागते. नळकांड्यांभोवती करवंट्यांचा जाळ करून ती आधी तापवायची, मग वितळलेले शिसे दोन कढयांतून आळीपाळीने, धार न तुटता ओतायचे. मध्ये थांबले तर ओतलेल्या शिशावर साय धरते, ती थिजते, आणि वरचे शिसे खालच्याशी एकजीव होत नाही. राहतो तो सांधा. बाहेरून डबा गुळगुळीत, आणि आत कंबरेभोवती एक फट. म्हणून ओतकामाची वही असे. सुरुवात किती वाजता, तापमान किती, कितवी कढई, आणि शेवटच्या रकान्यात धार कशी होती ते. तिथे एकतर 'अखंड' लिहायचे, नाहीतर कारण. ही वही माझ्याकडे होती. खाली साहेब 'पाहिले' असे लिहून सही करीत.

त्या वर्षी ओतकाम नेमके शिमग्यात आले. आमच्या गावच्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर फिरते, आणि कारखाना गावच्याच जमिनीवर असल्यामुळे आमच्या फाटकाशीही येते. पालखी दुपार कलल्याशिवाय कधी येत नाही, म्हणून साहेबांनी ओतकाम सकाळी नऊला लावले. ते स्वतः आणि वहिनी एका लग्नासाठी मुंबईला गेले होते. काम ओतारी गणपत मिस्त्री यांच्याकडे आणि वही माझ्याकडे सोपवली होती. मिस्त्री गावचेच, हाताखालचे चौघेही गावचेच, आणि मीही.

वरच्या वाडीत आदल्या दिवशी एक गृहस्थ वारले. सुतकामुळे तिकडची सगळी घरे वगळली गेली आणि पालखी वेळेच्या खूप आधी आमच्याकडे आली. साडेनऊला आम्ही निम्मे शिसे ओतले होते आणि फाटकाशी ढोल वाजू लागला.

पालखी दारातून अशीच जात नाही. ओटी भरायची असते, नारळ द्यायचा असतो, मानकरी त्या घराच्या वतीने गाऱ्हाणे घालतात. कारखान्याची ओटी दरवर्षी वहिनी भरीत. त्या नव्हत्या, आणि तिथे बाईमाणूस मी एकटी. पालखी फाटकात नाचत होती, पुढे सरकत नव्हती. चौघांचे हात कढईवर आणि डोळे फाटकाकडे. मिस्त्री मला म्हणाले, "बाई, तुमी सांगा काय ता."

मी काय विचार केला ते खरे सांगते. माझा धाकटा भाऊ तेव्हा जहाजावर होता आणि तीन महिने त्याचे पत्र नव्हते. आईने अन्न सोडले होते. देवी दाराशी उभी आहे आणि मी शिसे ओतत बसले आहे, हे माझ्याच्याने होईना. मी मिस्त्रींना म्हणाले, थांबवा.

आम्ही सगळे अनवाणी बाहेर गेलो. मी ओटी भरली. मानकऱ्यांना भावाचे नाव सांगितले. त्यांनी गाऱ्हाणे घातले, की हे मायमाउली, समुद्रावर गेलेल्या लेकराला सुखरूप घरी आण, आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. आत आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाहिले. सतरा मिनिटे झाली होती. मिस्त्रींनी वरची साय काढली, झाळकामाच्या दिव्याची ज्योत लावून जमेल तितके पुन्हा तापवले, धरेल म्हणाले, आणि उरलेले शिसे ओतले. मी वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात 'अखंड' लिहिले.

त्या गाऱ्हाण्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आठ दिवसांनी भावाचे पत्रही आले. पश्चात्ताप आहे तो त्या एका शब्दाचा. मिस्त्रींना बोल लागू नये म्हणून लिहिला, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालीत होते. खरी गोष्ट एवढीच की मी घाबरले.

चाचणीसाठी मुंबईहून अधिकारी आले. डब्याच्या आत किरणांचा स्रोत ठेवतात, बाहेरून डब्यावर खडूने चौकोन आखतात आणि एकेका चौकोनावर यंत्र ठेवून आकडा घेतात. साहेबांनी विनंती केली की चौकोन निम्म्या आकाराचे आखू या. अधिकाऱ्यांना परतायची घाई होती, गरज नाही म्हणाले. सगळे आकडे मर्यादेत निघाले. प्रमाणपत्र मिळाले, स्रोत घेऊन अधिकारी परत गेले, कारखान्यात पेढे वाटले. मीही एक खाल्ला. 

चार दिवसांनी डबा ट्रकने दवाखान्यात जायचा होता, आणि तिथून सुया भरून मुंबईला. ट्रकमध्ये मागे, डब्यापाशी, बसायला एक फळी ठोकून घेतलेली मी पाहिली. कशासाठी, असे मी मिस्त्रींना विचारले. त्यांना माझ्या अज्ञानाचे नवल वाटले. "सायेब बसनार न्हाय का. पयल्या खेपेला तेच बसतात." त्या क्षणी मला त्यांच्या वडिलांची होडी आणि सांध्यावरचा हात आठवला.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. बसले नाही. म्हणाले, "साहेब, ओतकाम थांबलं होतं. पालखीसाठी मी थांबवलं. वहीत लिहिलं आहे ते खोटं आहे."

साहेबांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. "किती वेळ?"

"सतरा मिनिटं."

"घड्याळ पाहिलं होतंत?"

"हो."

"ते एक बरं केलंत," ते म्हणाले, आणि कागद पुढे ओढला. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी किती कढया ओतून झाल्या होत्या ते विचारले, हिशेब मांडला, बाहेर गेले, डब्याच्या अंगावर फूटपट्टी धरून शिसे थांबले होते त्या उंचीवर खडूची एक आडवी रेघ मारली आणि मिस्त्रींना सांगितले, या रेघेतून उभा कापा. प्रमाणपत्र मिळालेला, पास झालेला डबा. मिस्त्री करवत हातात घेऊन तसेच उभे राहिले. साहेबांना पुन्हा सांगावे लागले.

डबा कापला. रेघेपासून दोन बोटे वर, शिशाच्या सगळ्या घेराभोवती, एक काळी फट होती. पत्त्यांच्या कॅटमधले पान आत जाईल एवढी. खडूच्या मोठ्या चौकोनांत यंत्र नेमके तिच्यावर कधी टेकलेच नव्हते. साहेबांनी तिच्यावर अंगठा फिरवला. 

त्याच दिवशी त्यांनी स्वतः मुंबईला कळवले आणि प्रमाणपत्र परत पाठवले. अहवाल त्यांनी लिहिला, त्याची नक्कल मी केली, म्हणून तो मला पाठ आहे. ओतकामात खंड पडला. कारण, ओतकामासाठी दिवस चुकीचा निवडला गेला. जबाबदार, वेळणेकर. त्यात पालखी नव्हती, मिस्त्री नव्हते आणि मी नव्हते. मी म्हणाले, साहेब, यात माझे नाव घाला. तेव्हा ते जरा कडक आवाजात म्हणाले, "दिवस मी ठरवला. शिमगा आहे हे मला माहीत होतं, मी इथलाच आहे. आणि पालखीचं नाव त्या कचेरीत गेलं तर चार लोक हसतील. माझ्या चुकीपायी गावाच्या देवीला कुणी हसायचं कारण नाही." अहवालातला शब्द न् शब्द खरा होता. माझा शब्द तेवढा खोटा होता आणि तो कुठेच नोंदला गेला नाही.

त्याची किंमत साहेबांनी मोजली. मुंबईच्या ज्या तांत्रिक समितीवर त्यांना घेणार होते, तिथे मग दुसरे गृहस्थ गेले. जवळजवळ वर्षभर नवे काम आले नाही. 'वेळणेकरांचा फुटका डबा' ही थट्टा रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत फिरली आणि अजून फिरते. साहेब ती ऐकून घेतात.

पण त्यांना खरी काळजी होती ती त्या कपाटाची. नवा डबा होईपर्यंत सुया तिथेच राहणार होत्या. मग त्यांनी ट्रकभर जांभ्या दगडाचे चिरे घेतले, दवाखान्यात गेले, आणि कपाटासमोर व पलीकडच्या खोलीत भिंतीलगत चिऱ्यांची दुपदरी भिंत रचायला घेतली. सुट्टीच्या दिवशी मी आणि गणपत मिस्त्री जात असू. गवंडी मिळाला असता, पण साहेबांना कुणा परक्या माणसाला त्या भिंतीशी फार वेळ उभे करायचे नव्हते. प्रत्येकाच्या छातीला किरण नोंदणारा बिल्ला आणि हातात घड्याळ, ठरलेली मिनिटे झाली की बाहेर. मला त्यांनी नेहमी लांबच्या टोकाला उभे केले. माझे तळहात सोलवटले तेव्हा वहिनींनी घरून खोबरेल तेल आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या पाठवल्या. कुणीही मला शिक्षा म्हणून नेले नव्हते. मी मात्र प्रत्येक चिरा तसाच उचलला. भिंत पुरी झाल्यावर साहेबांनी पुन्हा पलीकडच्या खोलीत जाऊन जुन्या बाकाच्या जागी यंत्र ठेवले. काटा हलला नाही. मेट्रनबाईंनी आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाचे पिठले वाढले.

पुढल्या वर्षापासून साहेब शिमग्याआधी मानकऱ्यांकडे स्वतः जाऊन पालखीचा दिवस विचारतात. त्या दिवशी भट्टी पेटत नाही. पालखी आता फाटकात थांबत नाही, आत येते, थंड भट्टीपाशी टेकते, आणि वहिनी ओटी भरतात. नवा डबा झाला, निम्म्या आकाराचे चौकोन आखून तपासला गेला, आणि पहिल्या खेपेला ट्रकमध्ये फळी ठोकली गेली ती दोन माणसांची. साहेब म्हणाले, वही लिहिणाऱ्यानेही बसायला हवे. दवाखान्यात सुया भरून आम्ही खेडला थांबलो, ड्रायव्हर चहाला उतरला. साहेब डब्यापासून हलले नाहीत, त्यांनी चहा वरच मागवला. कशेडी घाटाच्या वळणांवर डबा हलला की त्यांचा हात त्याच्या अंगावर जाई, जिथे आधीच्या डब्यात फट होती नेमका त्याच उंचीवर. मी तो हात पाहत मुंबईपर्यंत गेले.

आता वहीचे. डबा कापला त्या दिवशी मी 'अखंड' खोडायला पेन उचलले, तर साहेबांनी थांबवले. म्हणाले, "आज नको. आज तुम्ही घाबरून लिहाल. खाली जागा सोडा." मी अर्धे पान कोरे सोडले आणि पुढची नोंद पुढल्या पानावर सुरू केली. पुढे मी एकदोनदा विषय काढला, तर त्यांनी तो हसून टाळला. काही वर्षे गेली. ते अर्धे पान कोरेच राहिले आणि मला त्याची सवय झाली, ही माझी त्या शब्दापेक्षा मोठी चूक.

या ग्रंथाच्या सुरुवातीला साहेबांचा परिचय छापला आहे. त्याचा कच्चा मजकूर स्वच्छ करून द्यायला माझ्याकडे आला. त्यात एक ओळ होती, 'सुरुवातीला त्यांच्या हातून झालेल्या एका गंभीर चुकीनंतर'. मी ती नक्कल करायला घेतली आणि माझा हात थांबला. साहेबांकडे गेले आणि म्हणाले, मी खरे काय ते लिहिणार आहे. ते म्हणाले, गौरवग्रंथात असले काही लिहीत नाहीत, बाई, लोक कौतुक वाचायला येतात. मी म्हणाले, मग हेच कौतुक आहे.

आज सकाळी मी जुनी वही काढली. सोडलेल्या जागेत लिहिले, 'वरील नोंद खोटी आहे. धार सतरा मिनिटे तुटली होती. ओतकाम मी थांबवले व नोंद मीच केली. सुलभा गावडे.'  वही साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि उभी राहिले. त्यांनी दोनदा वाचले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला, आणि रोजच्यासारखे खाली 'पाहिले' लिहून सही केली. मग म्हणाले, आता पुढचं काम काढा.

त्या वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत. ती संपली की मी दुसरी शिवून घेईन, मग तिसरी. त्यातले एकेक पान वेळणेकरसाहेबांनी याच निरोगी डोळ्यांनी वाचावे, खडूचे चौकोन याच स्थिर हाताने आखावेत, आणि प्रत्येक पानाखाली त्यांची सही मिळत राहावी, एवढेच ग्रामदेवतेपाशी माझे गाऱ्हाणे आहे. यंदा पालखी आत टेकली की मी ते मानकऱ्यांना सांगणार आहे. भट्टी त्या दिवशी थंड असेल.